मठाच्या बागेतील मोजदाद : ग्रेगोर मेंडेल

एखाद्या घरात आजोबांना दमा असतो. मुलाला तो होत नाही, म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात. आणि मग नातवंडांपैकी एकाला ऐन पावसाळ्यात मध्यरात्री श्वास पुरेनासा होतो. भावंडे शेजारी गाढ झोपलेली असतात आणि ते एक मूल मात्र उशीला टेकून पहाटेची वाट पाहत बसते. अशा वेळी घरात प्रश्न उठतो की, हे आले कोणाकडून? बहुधा त्याचे उत्तरही अगोदरच ठरलेले असते. सुनेच्या माहेरी कोणी दमेकरी होते काय, याची चौकशी होते आणि एखाद्या मातेला न केलेल्या अपराधाचे ओझे जन्मभर वाहावे लागते.

हा प्रश्न फार जुना आहे. काही व्याधी घराण्यातून येतात हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु एका पिढीत लपलेला गुण पुढल्या पिढीत कसा प्रकट होतो, आणि सख्ख्या भावंडांपैकी एकाच्याच वाट्याला तो का येतो, हे कोणासही सांगता येत नव्हते. त्या उत्तराची वाट ज्याने दाखविली तो वैद्य नव्हता आणि नामांकित प्राध्यापकही नव्हता. शिक्षकाची परीक्षा कधीही उत्तीर्ण होऊ न शकलेला तो एक मठवासी बदली शिक्षक होता. त्या ग्रेगोर मेंडेल यांचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये, त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे मूळ नाव योहान. वडील आंतोन हे लहान शेतकरी. आठवड्यातील तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे आणि उरलेल्या दिवसांत स्वतःची शेती पाहावी, असा त्यांचा जीवनक्रम होता. त्यांना फळझाडांचा मोठा नाद होता. गावचे धर्मगुरूही शेतकऱ्यांना चांगल्या जातींची कलमे बांधावयास शिकवीत. कलमाला मूळ झाडासारखेच फळ लागते, परंतु कोयीपासून उगवलेले झाड कसे निघेल याचा भरवसा नसतो, हे आपल्या गोमंतकातील कोणताही बागायतदार जाणतो. बापाच्या मागोमाग बागेत हिंडणाऱ्या त्या मुलाच्या डोळ्यांसमोर हे कोडे लहानपणापासूनच होते.

योहान बुद्धिमान होता, पण घरी दारिद्र्य होते. बाराव्या वर्षी तो ट्रोपाऊ येथील माध्यमिक शाळेत गेला. पुरेशा जेवणाचे पैसे भरण्याची ऐपत नसल्यामुळे त्याला अर्धपोटी राहून शिकावे लागले. १८३८ मध्ये वडिलांच्या छातीवर झाडाचा ओंडका कोसळला आणि त्यांची काम करण्याची शक्ती कायमची खचली. सोळा वर्षांचा योहान तेव्हापासून शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवू लागला. ताण असह्य झाला म्हणजे तो आजारी पडे आणि महिनेच्या महिने अंथरुणावर काढी. पुढे ओल्म्युट्झ येथे उच्च शिक्षणाला जाण्याची वेळ आली तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या विवाहासाठी ठेवलेल्या वाट्यातील काही भाग भावासाठी सोडून दिला. मेंडेल हे ऋण विसरले नाहीत. पुढे त्यांनी बहिणीच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले.

ओल्म्युट्झचे शिक्षण संपत आले तरी पोटाची विवंचना संपली नव्हती. तेथील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्यांना ब्रून, म्हणजे आजचे ब्रनो, येथील सेंट थॉमस मठात जाण्याची शिफारस केली. १८४३ मध्ये ते मठात दाखल झाले व त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. हा मठ विद्येचे माहेरघर होता. मठाधिपती नाप यांना शेती व पैदाशीच्या शास्त्रात विशेष गोडी होती, आणि आनुवंशाचा विचार त्यांच्या भोवतीच्या मंडळींत नेहमी चालत असे. मेंडेल धर्मगुरू झाले, परंतु रुग्णशय्येपाशी बसून मरणोन्मुख माणसांना धीर देण्याचे काम त्यांना सोसेना. दुसऱ्याचे दुःख पाहून ते स्वतःच आजारी पडत. हे ओळखून नाप यांनी १८४९ मध्ये त्यांना झ्नाइम येथील शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठविले. तेथे ते विद्यार्थिप्रिय झाले.

कायम शिक्षक होण्यासाठी परीक्षा आवश्यक होती. १८५० मध्ये मेंडेल तीस बसले आणि अनुत्तीर्ण झाले. भूशास्त्र आणि सस्तन प्राण्यांचे वर्गीकरण या विषयांत त्यांची उत्तरे परीक्षकांना पटली नाहीत. मात्र या अपयशातूनच एक मार्ग निघाला. मठाने त्यांना १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. तेथे डॉपलर यांच्याकडून प्रयोगाची शिस्त, एटिंग्सहाउझेन यांच्याकडून संयोगांचे गणित आणि उंगर यांच्याकडून वनस्पतिशास्त्र त्यांनी आत्मसात केले. १८५६ मध्ये ते पुन्हा परीक्षेस गेले. या वेळी प्रकृतीने दगा दिला व ते परीक्षा अर्धवट सोडून परतले. त्यानंतर ते कधीच परीक्षेला बसले नाहीत. ब्रूनच्या शाळेत एकंदर चौदा वर्षे त्यांनी बदली शिक्षक म्हणूनच काम केले.

त्याच १८५६ साली मठाच्या बागेतील सुमारे पस्तीस मीटर लांब व सात मीटर रुंद अशा एका पट्ट्यात त्यांनी वाटाण्याचे प्रयोग आरंभिले. आईबापांचे गुण संततीत दोन रंगांप्रमाणे मिसळून जातात, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. पांढऱ्यात काळा मिसळला की राखी होतो आणि राखीतून पांढरा पुन्हा वेगळा निघत नाही. मग आजोबांचा गुण नातवात जसाच्या तसा येतो कसा? मेंडेल यांनी हा वाद शब्दांनी न सोडविता मोजून सोडविण्याचे ठरविले.

त्यांनी वाटाणा निवडला यात मोठे शहाणपण होते. वाटाण्याचे फूल मिटलेले असते व त्याचे परागसिंचन आतल्या आत होते, म्हणून जात शुद्ध राहते. मेंडेल यांनी चौतीस जाती आणून दोन वर्षे केवळ त्यांची शुद्धता तपासली आणि त्यांतील बावीस जाती प्रयोगासाठी ठेविल्या. मग ठळकपणे वेगळे दिसणारे सात गुण निवडले. बी गोल की सुरकुतलेले, पिवळे की हिरवे, झाड उंच की ठेंगणे, असे ते गुण होते. कळी उमलण्यापूर्वीच ती उघडून चिमट्याने पुंकेसर काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग त्या फुलाला लावावयाचा, हे नाजूक काम ते स्वतः करीत. अशी आठ वर्षे लोटली. या काळात सुमारे अठ्ठावीस हजार रोपे त्यांच्या हातांखालून गेली, असे मानतात.

गोल आणि सुरकुतलेले वाटाणे यांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. ते दाणे पेरून त्यांना आपोआप फळू दिले, आणि दुसऱ्या पिढीत सुरकुतलेले दाणे पुन्हा प्रकट झाले. मेंडेल यांनी ते सर्व मोजले. एकूण ७३२४ दाण्यांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले होते. पिवळ्या व हिरव्या दाण्यांच्या प्रयोगात ८०२३ पैकी ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे निघाले. साती गुणांत हिशेब एकच आला, तो म्हणजे सुमारे तिनास एक.

यावरून त्यांनी जो सिद्धांत मांडला तो आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनाही समजेल. प्रत्येक गुणासाठी प्रत्येक रोपात दोन घटक असतात, एक पित्याकडून व एक मातेकडून आलेला. संततीला देताना त्या दोहोंपैकी एकच दिला जातो, आणि कोणता दिला जाईल हे नाणे उडविल्यासारखे असते. गोलपणाचा घटक प्रबल. तो एक जरी असला तरी दाणा गोल दिसतो. सुरकुतीचा घटक सुप्त. दोन्ही घटक सुरकुतीचे असतील तरच दाणा सुरकुततो. दोन नाणी एकदम उडविली तर चारांतून सरासरी एकदाच दोन्हीवर काटा येतो. म्हणून तिनास एक. सुप्त घटक लपतो, पण दुसऱ्यात विरघळून जात नाही. आजोबांचा गुण नातवात अवतरतो त्याचे रहस्य हेच होय.

आणखी एक गोष्ट त्यांनी कटाक्षाने पाहिली. पराग गोल जातीचा आणि फूल सुरकुतलेल्या जातीचे, किंवा याच्या उलट, अशा दोन्ही प्रकारांनी त्यांनी संकर केले. फळ एकच आले. गुण पित्याकडून येवो वा मातेकडून, त्याचे वजन सारखेच. सुनेच्या माहेरची चौकशी करणाऱ्यांनी वाटाण्याची ही साक्ष ध्यानात ठेवावी.

८ फेब्रुवारी व ८ मार्च १८६५ रोजी ब्रूनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे मेंडेल यांनी आपला निबंध दोन भागांत वाचला. १८६६ मध्ये तो मंडळाच्या वार्षिकात छापला गेला. त्याच्या चाळीस प्रती त्यांनी काढून घेतल्या व काही विद्वानांकडे धाडल्या. कोठूनही अपेक्षित प्रतिसाद आला नाही. फुलझाडांच्या अभ्यासात गणित कशासाठी, हेच बहुतेकांना उमगले नाही. म्यूनिकचे प्राध्यापक नेगेली यांनी मात्र पत्रव्यवहार केला, पण तोही साशंकपणे. शिवाय ते स्वतः ज्या हॉकवीड नावाच्या वनस्पतीवर काम करीत होते तिच्यावर प्रयोग करण्याकडे मेंडेल यांना वळविले. सूक्ष्म फुलांवर काम करून मेंडेल यांचे डोळे शिणले, आणि हिशेब काही जुळेना. ही वनस्पती पुष्कळदा परागाशिवायच बी धरते, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. निसर्गातील प्रत्येक गोष्ट वाटाण्याइतकी सरळ नसते, हा धडा मेंडेल यांना स्वतःच्याच हातांनी मिळाला.

१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि प्रयोगांना वेळ उरला नाही. तरी मधमाश्या पाळणे आणि हवामानाच्या नोंदी ठेवणे त्यांनी सोडले नाही. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसविला. तो अन्याय्य आहे असे ठरवून मेंडेल यांनी तो भरण्याचे अखेरपर्यंत नाकारले व त्या झगड्यात ते एकाकी पडले. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजविणारे तरुण संगीतकार लिओश यानाचेक पुढे जगप्रसिद्ध झाले. शहर हळहळले ते एका दयाळू मठाधिपतीसाठी. आपण एका शास्त्रज्ञाला निरोप देत आहो, हे त्या समुदायात क्वचितच कोणाच्या मनात आले असेल. त्यांचे बहुतेक कागदपत्र पुढे मठात जाळून टाकण्यात आले.

सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, हॉलंडचे ह्यूगो द फ्रीस, जर्मनीचे कार्ल कॉरेन्स व ऑस्ट्रियाचे एरिक फॉन चेर्माक हे तिघे संकराचे प्रयोग करीत असता त्याच हिशेबापाशी येऊन पोहोचले, आणि चौतीस वर्षे धूळ खात पडलेला तो निबंध पुन्हा उघडला गेला. १९०२ मध्ये लंडनचे डॉक्टर गॅरड यांनी लघवी काळी पडण्याचा एक दुर्मिळ विकार मेंडेल यांच्या नियमानुसार घराण्यातून येतो असे दाखविले. १९०९ मध्ये योहान्सेन यांनी मेंडेल यांच्या घटकाला जीन हे नाव दिले. मराठीत आपण त्यास जनुक म्हणतो. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी मेंडेल यांचे आकडे अपेक्षेपेक्षा फारच नेमके जुळतात अशी शंका काढली. तिच्यावर बराच खल झाला, पण मूळ नियम अबाधित राहिला.

त्या नियमाचा दुरुपयोगही झाला, हे सांगितलेच पाहिजे. रक्ताचा दोष समूळ नाहीसा करण्याच्या नावाखाली अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये व जर्मनीने १९३३ मध्ये माणसांना सक्तीने संततिहीन करण्याचे कायदे केले. वाटाण्याचा हिशेब माणसाच्या कपाळी शिक्का मारण्यासाठी वापरला गेला. घरातील आजारावरून सुनेला बोल लावणे ही त्याच वृत्तीची धाकटी बहीण होय.

आता दम्याकडे वळू. १९१६ मध्ये न्यूयॉर्कचे कुक आणि व्हॅन डर व्हीर या डॉक्टरांनी दमा व तत्सम विकार असलेली अनेक कुटुंबे तपासली आणि ही प्रवृत्ती मेंडेल यांच्या प्रबल गुणाप्रमाणे उतरते असे मत मांडले. पुढील अभ्यासात ते सरळ चित्र टिकले नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ एकसारखी असतात, तरीही एकाला दमा व दुसऱ्याला नाही, असे आढळते. दमा हा सुरकुतलेल्या दाण्यासारखा एका घटकाचा खेळ नव्हे.

मानवी जनुकसंचाचे वाचन २००३ मध्ये पूर्ण झाल्यावर मोजदाद पुन्हा सुरू झाली, या वेळी हजारो माणसांची. २००७ मध्ये सतराव्या गुणसूत्रावरील एका भागाचा बालवयातील दम्याशी संबंध आढळला. २०१० मध्ये दहा हजारांहून अधिक दमेकरी व सोळा हजारांहून अधिक निरोगी माणसे यांची तुलना झाली. त्यातून अनेक जनुकस्थाने हाती आली, परंतु प्रत्येकाचा वाटा अल्प. अमक्या मुलाला दमा होईल असे भाकीत त्यावरून करता येत नाही, असा निर्वाळा त्याच संशोधकांनी दिला. २०१९ मध्ये मध्यम व तीव्र दम्याच्या पाच हजारांहून अधिक रुग्णांपासून आरंभ करून चोवीस जनुकस्थाने निश्चित झाली. त्यांतील एक श्वासनलिकेत चिकट कफ तयार करणाऱ्या द्रव्याचे आहे. तीव्र दम्यात घट्ट कफाने नलिका कशी कोंडते हे ज्यांनी घरी पाहिले आहे, त्यांना या शोधाचे मोल सांगावयास नको.

असल्या शोधांचा उपयोग काय? एक उदाहरण पुरे. धूळ, धूर वा विषाणू यांचा उपद्रव झाला की श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी एक धोक्याचा संदेश सोडतात आणि सूज सुरू होते. त्या संदेशद्रव्याच्या जनुकाचा दम्याशी संबंध २०११ मध्ये मोठ्या पाहण्यांतून दिसून आला. त्याच द्रव्याला अडविणाऱ्या इंजेक्शनाला तीव्र दम्यासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नेहमीच्या औषधांनी ज्यांना पुरेसा आराम पडत नाही अशा रुग्णांसाठी असे उपचार आहेत. ते महाग आहेत व सर्वांना लागतही नाहीत. बहुसंख्य दमेकऱ्यांना डॉक्टरांनी दिलेले, श्वासावाटे घ्यावयाचे औषध नियमाने घेतल्यास चांगला आराम मिळतो. ते सर्वांदेखत घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. शिवाय या मोजदादी आजवर बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांत झाल्या आहेत. आपल्याकडील कुटुंबांची मोजदाद पुष्कळ व्हावयाची आहे, आणि ती करणारे हात आज कदाचित आमच्याच एखाद्या वर्गात बसले असतील.

जाता जाता एक विलक्षण गोष्ट. मेंडेल यांच्या द्विजन्मशताब्दीच्या निमित्ताने, २०२१ मध्ये, ब्रनो येथे त्यांचे अवशेष काढून त्यांच्या जनुकसंचाचे वाचन करण्यात आले. त्यात हृदय व मूत्रपिंड यांच्या विकारांशी संबंधित काही फरक आढळल्याचे संशोधकांनी २०२२ मध्ये सांगितले. ज्याने आनुवंशाचा हिशेब प्रथम मांडला, त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलेली नाणी अशी दोनशे वर्षांनी मोजली गेली. परंतु त्या जनुकसंचात वारंवार आजारी पडणाऱ्या, परीक्षेत दोनदा मागे पडलेल्या त्या शिक्षकाची आठ वर्षांची चिकाटी कोणास वाचता येईल काय?

विद्यार्थी मित्रांनो, मातापित्यांकडून आपणास काय मिळावे हे आपल्या हाती नसते, आणि काय द्यावे हे त्यांच्याही हाती नसते. म्हणून त्याबद्दल कोणी कोणास दोष देऊ नये. घरातील धूर, बुरशी व धूळ कमी करणे, औषध वेळेवर घेणे, धाप लागलेल्या सोबत्याची चेष्टा न करता त्याच्यापाशी थांबून शिक्षकांना बोलावणे, या गोष्टी मात्र आपल्या हातच्या आहेत. आणि एखादे कोडे पडले असता ऐकीव समजुतीवर विसंबून न राहता मेंडेल यांच्याप्रमाणे शांतपणे मोजून पाहणे, हेही आपल्याच हातचे आहे.